दोन मैलांचा सिनेमा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, माझ्या सिनेमासाठी एफडी मोडू नका. सांगायचं एवढंच आहे, पण फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही आणि आवाज चढला की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते. म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला काय सलतंय ते मला कळतं. पोरगी पुण्याला, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात सिनेमाचं संकलन शिकली आणि आता लग्नघरातल्या गोंधळाचे विनोदी सिनेमे कापत बसली. म्हणून तुमचं चाललंय, पैसे घे आणि स्वतःचा सिनेमा कर. त्याच्या मागोमाग दादासाहेब फाळके येतातच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक असल्यामुळे नाशिककरांना ते घरातलेच वाटतात.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेला गेले, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, हे सगळं खरं. (त्या बाईंनी रात्री जागून फिल्मला भोकं पाडली, अख्ख्या कंपनीला रांधून घातलं, हे मात्र तुम्ही कधी सांगत नाही.) पण तुमची गोष्ट दागिन्यांपाशीच थांबते. पैसे लावणाऱ्याला खात्री पटावी म्हणून दादासाहेबांनी आधी वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित करून दाखवलं होतं. आज निर्मात्याच्या केबिनमध्ये आम्ही लॅपटॉप उघडून बसतो ते दुसरं काय असतं? पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत चालला, पण सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये, असं सांगतात. लोकांना त्याहून कमी पैशांत सहा तासांचं नाटक मिळत होतं, एवढ्याशा सिनेमाला कोण येणार? मग जाहिरात निघाली: ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! आणि गर्दी लोटली. कलेसाठी घरावर तुळशीपत्र ठेवणारा माणूस सिनेमा कापडासारखा लांबीवर विकत होता, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

पैसा आणि कला यांचं वैर असतंच असं मला वाटत नाही. पैसा कोणाच्या हातात आहे आणि तो किती लांब बसलाय, यावर बरंच ठरतं. प्रभातमध्ये सीतारामपंत कुलकर्णी होते, कोल्हापूरचे सराफ. तेही दामले, फत्तेलाल या दिग्दर्शकांसारखेच कंपनीचे भागीदार. त्याच कंपनीचा १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईत वर्षाहून जास्त चालला आणि व्हेनिसलाही गौरवला गेला. उलट दादासाहेबांचं नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतल्या भागीदारांशी पटेना, तेव्हा ते सगळं सोडून काशीला गेले आणि नाटक लिहीत बसले. परत आले, पण ती पहिली घडी काही बसली नाही.

आता माझ्या निर्मात्याचं. त्यांनी बारा मिनिटं कापायला सांगितली. त्यातली निम्मी खरंच मेलेली होती, दिग्दर्शकाच्या प्रेमापोटी राहिलेली. पण आजी एकटी पान लावत बसते तो प्रसंगही गेला, कारण "तिथे लोक मोबाइल काढतील". त्यावर मी भांडले, हरले, आणि तो राग अजून आहे. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न फालतू नव्हता: हे कोण बघणार? तुमचे पैसे मला हा प्रश्न कधीच विचारणार नाहीत, बाबा. तुम्ही प्रत्येक शॉटला "वा" म्हणाल. त्या पैशांची मला भीती वाटते ती त्यामुळे.

आणि हिशेबही बघा. सरकारी अनुदान आहे ना, असं तुम्ही म्हणता. ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, समितीने दर्जा ठरवल्यावर मिळतं. तोवरचा खर्च आपला. थिएटरात लावायला वितरक हवा, पोस्टर आणि प्रसिद्धीचा खर्च वेगळा. एवढं करून मल्टिप्लेक्सवाले दुपारी बाराचा शो देणार, आणि शुक्रवार ते रविवार खुर्च्या भरल्या नाहीत की सोमवारी तोही नाही. तुमची आयुष्यभराची शिल्लक पोस्टरांतच संपेल.

माझा सिनेमा मी करणार आहे. पटकथेचा दुसरा खर्डा झालाय. पैसे लावणारा असा शोधतेय, जो तो वाचून भांडेल. सापडेपर्यंत लग्नाचे गोंधळ कापीन. विनोदाला कात्री लावणं सोपं नसतं हो, एक फ्रेम इकडची तिकडे झाली की हशा जातो.

आई, तुझ्या पाटल्यांचं तू हळूच म्हणालीस ते मी ऐकलंय. त्या कपाटातच राहू देत. एफडीचं व्याज येईल त्यातून बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या, दिवाळीनंतर म्हणत तिसरी दिवाळी आली.

नवा सिनेमा पुढच्या महिन्यात नाशिकला लागेल. बघायचा तर पहिल्या तीन दिवसांत बघा. आणि पास मागू नका, तिकीट काढून जा.

तुमची,
छकुली