सुडाची यादी

महोदय,

अद्भुत कादंबऱ्या म्हणजे पोरांसाठीचे ड्रॅगन आणि मंतरलेल्या तलवारी, असा माझाही समज होता. मुलीने बळेच हातात ठेवलेली जो अॅबरक्रॉम्बी यांची ‘बेस्ट सर्व्ह्ड कोल्ड’ (२००९) वाचली आणि तो पार गळाला. भाडोत्री फौजेची सेनानी मोंझा लोकांत फार प्रिय झाली म्हणून ड्यूक ऑर्सो तिच्या भावाला मारवतो, तिला गडावरून खाली फेकतो. ती वाचते आणि सात जणांची यादी करते. जादू नावापुरतीच. बाकी सगळा राजकारणाचा चिखल, जुन्या इटलीतल्या नगरराज्यांसारखा.

अंगावर आला तो पेढीचा प्रसंग. एका माणसाला संपवायला हिशेबाच्या वह्यांना विष लावतात आणि सोबत यादीत नसलेले कितीतरी कारकून मरतात. (मी स्वतः जन्मभर बँकेत कारकुनी केली, म्हणूनही असेल.) तेव्हा महाभारतातलं सौप्तिक पर्व आठवलं. अश्वत्थामा निघाला होता बापाला मारणाऱ्या धृष्टद्युम्नासाठी. कापली गेली ती झोपलेली अख्खी छावणी, द्रौपदीची पाचही मुलं.

पुस्तक थोडं लांबलंय, शिव्याही भरपूर. तरी दुसऱ्यांदा वाचायला घेतलंय.

– एक निवृत्त वाचक, मिरज