सेन्सिटिव्हिटी रिपोर्टवरच्या ‘एस’मागे काय आहे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातल्या जंतूंवर कोणते औषध चालते याचा, रिपोर्ट आला की डॉक्टरांचे लक्ष आधी अक्षरांवर जाते. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे पडणार नाही. या अक्षरामागे बहुतेक ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजलेले एक वर्तुळ असते (औषधाभोवती जंतू न वाढलेला भाग, म्हणजे झोन) आणि ते किती सहज चुकते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. नवी यंत्रे घेण्याआधी प्रत्येक सरकारी प्रयोगशाळेत या चाचणीची गुणवत्ता-तपासणी सक्तीची करा, एवढीच आमची मागणी आहे.

डिस्क पद्धत, म्हणजे औषध भरलेल्या कागदी चकत्यांनी केलेली चाचणी, दिसायला सोपी आहे. ताज्या कल्चरमधल्या एकसारख्या तीन-चार वसाहती सलाईनमध्ये मिसळायच्या, गढूळपणा ०.५ मॅकफार्लंडला (गढूळपणाचे प्रमाणित माप) जुळवायचा, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण १० ते २० कोटी जंतू. १५ मिनिटांच्या आत ते स्वॅबने म्यूलर-हिंटन अगारवर (जंतू वाढवण्याचे जेलीसारखे माध्यम) तीन दिशांनी पसरायचे, पुढच्या १५ मिनिटांत डिस्क ठेवायच्या आणि प्लेट ३५ अंशांना १६ ते १८ तास ठेवायची.

गढूळपणा नुसत्या नजरेने जुळवला की चूक तिथेच शिरते. जंतू जास्त पडले तर झोन आक्रसतो, चालणारे औषध ‘आर’ ठरते आणि रुग्णाला विनाकारण वरच्या फळीतले औषध सुरू होते. कमी पडले तर झोन फुगतो. ही चूक अधिक घातक, कारण निकामी औषधावर भरवसा ठेवला जातो. अगारची जाडी ४ मिलिमीटर हवी. ९० मिलिमीटरच्या प्लेटला त्यासाठी सुमारे २५ मिलिलिटर अगार लागतो. काटकसर म्हणून १५ मिलिलिटर ओतला तर जाडी अडीच मिलिमीटरच्याही खाली जाते आणि खोटे ‘एस’ येऊ लागतात. पीएच ७.२ ते ७.४ च्या खाली घसरला तर जेंटामायसिन दुबळे दिसते, टेट्रासायक्लिन मात्र उगाच जोरदार. डिस्कचा डबा फ्रीजमधून काढून गार असतानाच उघडला तर आत दमट हवा शिरते आणि बीटा-लॅक्टम गटाची (पेनिसिलिनसारखी) औषधे हळूहळू निकामी होतात.

यातली कोणतीही चूक रिपोर्टवर दिसत नाही. ती दिसते फक्त संदर्भ जंतूवर, म्हणजे ज्याचा झोन किती यावा हे आधीच ठरलेले असते अशा जंतूवर. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनचा झोन १९ ते २६ मिलिमीटरमध्येच यायला हवा. सगळ्याच औषधांचे झोन मोठे आले तर अगार पातळ आहे किंवा जंतू कमी पडले आहेत. एकाच औषधाचा झोन लहान आला तर आधी डिस्कवर संशय घ्यावा. कारण सापडेपर्यंत त्या औषधाचे निकाल रोखायचे. ही तपासणी रोज करावी. २० दिवसांत एकापेक्षा जास्त निकाल मर्यादेबाहेर गेला नाही, तर पुढे आठवड्यातून एकदा पुरते. खरेदीच्या यादीत संदर्भ जंतू, मॅकफार्लंड मापक आणि डिस्कसाठी शीतसाखळी या तीन गोष्टी हव्यातच.

कोलिस्टिनबद्दल तर स्वतंत्र आदेशच निघायला हवा. हा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही. म्हणून अगारवर डिस्क ठेवून दिलेला निकाल ग्राह्य धरू नये. हे शेवटच्या फळीतले औषध आहे, इथे अंदाज परवडत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा घालून केलेली चाचणी) जमत नसेल तर एन्टेरोबॅक्टेरेल्स (ई. कोलाय ज्यात येतो तो जंतूंचा गट) आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूसाठी सीएलएसआयने (प्रयोगशाळा चाचण्यांची मानके ठरवणारी अमेरिकेतली संस्था) मान्य केलेली स्वस्त वाट आहे : कॅटायन-ॲडजस्टेड (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण ठरवलेल्या) ब्रॉथच्या १० मिलिलिटरच्या चार नळ्या, त्यांत अनुक्रमे शून्य, एक, दोन आणि चार डिस्क (प्रत्येकी १० मायक्रोग्रॅम), किमान अर्धा तास भिजवून मग ०.५ मॅकफार्लंडचे ५० मायक्रोलिटर. कोणत्या नळीपर्यंत वाढ दिसते ते दुसऱ्या दिवशी पाहायचे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

शेवटचा मुद्दा तक्त्याचा. झोन वाचण्याच्या मर्यादा दरवर्षी तपासल्या जातात, भिंतीवरचा तक्ता मात्र वर्षानुवर्षे तोच राहतो. २०१९ मध्ये सीएलएसआयने एन्टेरोबॅक्टेरेल्ससाठी (साल्मोनेला वगळून) सिप्रोफ्लॉक्सॅसिनची ‘एस’ मर्यादा २१ वरून २६ मिलिमीटर केली. २१ मिलिमीटरचा झोन जुन्या तक्त्यात ‘एस’ होता, नव्यात तो ‘आर’ आहे. जुना तक्ता वापरणाऱ्या प्रयोगशाळेचे आकडे इतरांच्या आकड्यांत मिसळले, तर प्रतिरोध कमी झाल्याचा भास होईल. म्हणून संगणकात नुसते ‘एस’ आणि ‘आर’ न भरता मिलिमीटरची नोंद आणि वापरलेल्या तक्त्याचे वर्ष सक्तीचे करा. मर्यादा बदलल्या तरी जुने निकाल नव्याने वाचता येतील.

आपले विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांतील डॉक्टर व तंत्रज्ञ