हॉलची अनामत सध्या भरू नका

ती. ताई आणि दाजी यांना साष्टांग नमस्कार.

पोरीचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. पण मुहूर्त काढून हॉल बघताय असं कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ती अमेरिकेत शिकतेय, तिला लग्नासाठी भारतात बोलावू नका. आधी अमेरिकेत कायदेशीर लग्न, मग ग्रीन कार्ड, मग आपला सोहळा.

तिचा एफ-१ व्हिसा शिकून परत जाणाऱ्यांसाठी असतो. तिकडे लग्न लावून ती त्याच व्हिसावर परतली आणि लगेच ग्रीन कार्डाचा अर्ज केला, तर प्रवेश करताना खरा हेतू लपवला असा ठपका येऊ शकतो. उलट, अर्ज भरून मग निघाली आणि हातात 'अ‍ॅडव्हान्स पॅरोल' हा प्रवासाचा परवाना नसला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना ही अट लागत नाही. म्हणून कुणी "आम्ही तर जाऊन आलो" म्हणालं, तर आधी त्यांचा व्हिसा कोणता होता ते विचारा.

इथे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयातून लग्नाचं लायसन्स घेऊन लग्न लावायचं. लायसन्स ही नुसती परवानगी. अर्जाला लागते ती लग्नाची नोंद झाल्यावर मिळणाऱ्या दाखल्याची प्रत. जावई अमेरिकन नागरिक असल्याने मग त्याने आय-१३० (बायकोसाठीचा अर्ज) आणि तिने आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) एकत्र भरायचे. सोबत कामाच्या परवान्यासाठी आय-७६५, प्रवासासाठी आय-१३१. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे कागदी अर्जांची फी अनुक्रमे ६७५, १,४४०, २६० आणि ६३० डॉलर, म्हणजे ३,००५. दर बदलतात, त्यामुळे पाठवायच्या दिवशी पुन्हा बघायला सांगा. रक्कम चुकली तर अर्ज न स्वीकारताच परत पाठवतात.

जावयाला आय-८६४ हे उत्पन्नाचं हमीपत्रही द्यावं लागेल. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. दोघांच्या घराला २०२५ च्या आकड्यांनी वर्षाला २६,४३७ डॉलर. तो अजून शिकत असल्याने कमी पडलं, तर दुसरा जामीनदार चालतो, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. मी उभा राहीन. ही जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही, म्हणून कुणा लांबच्या ओळखीच्या माणसाला गळ घालू नका.

आता तुमच्याकडचं काम, आणि बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. जन्मदाखला काढून नीट बघा. जुन्या नोंदीत बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी'. तसं असेल तर जिथे नोंद आहे त्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून नवा दाखला घ्या. नोंदच सापडत नसेल तर तसं लेखी प्रमाणपत्र घ्या, शाळा सोडल्याचा दाखला जोडा आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघा वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं करा. तुमच्या दोघांच्या नावांचं स्पेलिंग तिच्या पासपोर्टशी ताडून बघा. दाखला फक्त मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. त्याखाली भाषांतरकाराने, आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बिनचूक आहे, असं लिहून सही करायची. त्याला नोटरी लागत नाही.

लहानपणीचं लसीकरणाचं कार्डही शोधा. ग्रीन कार्डासाठीची वैद्यकीय तपासणी इथल्या सरकारमान्य डॉक्टरकडेच होते आणि डिसेंबर २०२४ पासून तिचा आय-६९३ हा अहवाल आय-४८५ सोबतच द्यावा लागतो. गोवर, कांजिण्या, धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांच्या नोंदी नसल्या तर रक्त तपासतात किंवा डोस पुन्हा देतात. बीसीजीमुळे क्षयाची चाचणी चुकीची येईल ही भीती नको. ती रक्ताची असते. डॉक्टरने दिलेलं बंद पाकीट मात्र तिने उघडायचं नाही.

अर्ज गेल्यावर तिने कॉलेज सोडू नये. कामाच्या नव्या परवान्यावर बाहेर नोकरी धरली की एफ-१ दर्जा जातो. मग अर्ज नामंजूर झाला तर मागे काहीच उरत नाही. निकाल लागेपर्यंत आय-२० (एफ-१ साठीचा कॉलेजचा दाखला) जिवंत ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

मुलाखतीत संसार खरा आहे का ते बघतात: दोघांच्या नावाचा भाडेकरार, विमा, एकत्र भरलेला कर, बँकेचं खातं. मुलाखतीच्या तोंडावर उघडलेलं रिकामं खातं काही सिद्ध करत नाही. त्यातून भाडं आणि किराणा जात असला पाहिजे.

मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्डही दोनच वर्षांचं, अटींसह. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अटी काढण्याचा अर्ज भरायचा. हे विसरलं तर दर्जाच जातो.

कार्ड आलं की थाटात लग्न लावा. फक्त तिकडे त्या तारखेने वेगळी विवाह नोंदणी करू नका; दोन कागदांवर दोन तारखा नकोत. पासपोर्टवरचं नावही तोवर बदलू नये.

जन्मदाखल्याच्या दोन्ही बाजू स्कॅन करून आधी मला पाठवा, मगच नगरपालिकेत जा.

तुमचा धाकटा भाऊ