गोलबर्नच्या मेंढ्यापाशी अर्धा तास थांबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियाची सहल करून आलेल्यांचे लेख आपल्या पुरवणीत मी आवडीने वाचतो. मात्र सिडनीहून कॅनबेराला जाताना वाटेत लागणाऱ्या गोलबर्न या लहानशा शहराचा आणि तिथे रस्त्यालगत उभ्या असलेल्या काँक्रीटच्या अवाढव्य मेंढ्याचा उल्लेख त्यांत ‘गंमत म्हणून फोटो काढला’ यापलीकडे जात नाही, याचे वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

मेरिनो जातीचा हा मेंढा १५.२ मीटर उंच आणि १८ मीटर लांब आहे. लोकरीवर पोसलेल्या या भागात तो १९८५ साली उभा राहिला आणि तो घडवताना जवळच्याच एका कळपातला ‘रॅम्बो’ नावाचा खराखुरा मेंढा नमुना म्हणून समोर ठेवला होता. माझा जन्म माणदेशातल्या धनगराच्या घरातला असल्यामुळे माझी नजर आधी त्याच्या मानेखालच्या वळ्यांवर गेली. मेरिनोच्या कातडीला असतात तशाच त्या काँक्रीटमध्ये उतरवल्या आहेत. खालच्या दुकानात मेरिनो लोकरीचा मफलर गालाला लावून पाहिला, तेव्हा चिंचोक्याची खळ दिलेले, अंगाला टोचणारे वडिलांचे घोंगडे आठवले. मेंढरू तेच, पण लोकरीत केवढा फरक! तो का पडतो आणि या लोकरीवर एक अख्खा देश कसा वर आला, हे सांगणारे प्रदर्शन त्या मेंढ्याच्या पोटातच आहे. आमच्या सहल कंपनीने तिथे दहाच मिनिटे दिली होती, त्यामुळे ते मला धड पाहता आले नाही, याची खंत अजून आहे.

या मेंढ्याने वाईट दिवसही पाहिले आहेत. १९९१ मध्ये लोकरीच्या हमीभावाची योजना कोलमडली आणि पुढच्याच वर्षी ह्यूम महामार्ग शहराबाहेरून वळवला गेला, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ आटली. तरीही त्याला तोडून न टाकता २००७ साली जवळजवळ शंभर टनांचे ते धूड सुमारे ८०० मीटरवर, महामार्गाच्या फाट्याजवळ हलवण्यात आले. ऑस्ट्रेलियातल्याच बॅलिना गावात उभ्या असलेल्या कोळंबीच्या अशाच अजस्र प्रतिकृतीला तर २००९ मध्ये पाडण्याची परवानगीही मिळाली होती. लोकांनी विरोध केला, ती वाचली आणि २०१३ साली तिची नीट डागडुजी झाली. ज्या धंद्याने पोट भरले, त्याची आठवण गावाने एवढ्या जिव्हाळ्याने जपावी, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडच्या सहल कंपन्यांनी गोलबर्नला निदान अर्ध्या तासाचा थांबा द्यावा आणि प्रवाशांना आत जाऊन प्रदर्शन पाहायला आवर्जून सांगावे, एवढीच विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

आपला,
एक नियमित वाचक,
दहिवडी (जि. सातारा)