पर्यावरणाच्या नोंदींसाठी नागरिकांना सहकार्याचे आवाहन

आपल्या परिषदेच्या हद्दीतील नद्या-ओढे, भूजल, हवा आणि पर्जन्यमान यांची नियमित मोजणी करणे आणि त्या मोजणीच्या आधारे सांडपाण्याचे परवाने, पाणी उपशाच्या मर्यादा व नदीकाठच्या संरक्षणाची कामे ठरवणे, ही परिषदेच्या पर्यावरण विभागाची जबाबदारी आहे. ती पार पाडताना मोजणीची ठिकाणे आणि मोजणीच्या वेळा या दोन्ही बाबतींत आमचे मनुष्यबळ अपुरे पडते. म्हणून या कामात नागरिकांनी वेळ, जागा आणि निधी या तिन्ही रूपांत साहाय्य करावे, अशी परिषदेची विनंती आहे.

वेळेचा प्रश्न प्रथम मांडतो, कारण तो बाहेरून सहज दिसत नाही. नदीचे नमुने सर्वसाधारणपणे महिन्यातून एकदा आणि कार्यालयीन वेळेत घेतले जातात. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण मात्र दिवसभर सारखे राहत नाही. उन्हात शेवाळ व जलवनस्पती प्राणवायू निर्माण करतात, रात्री त्याच वनस्पती तो वापरतात, आणि त्यामुळे हे प्रमाण सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत खाली जाते. त्यात पाणी तापले की त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमताही घटते. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. शेवाळाने भरलेल्या डोहातील मासे पहाटे मरतात आणि आमचा नमुना दुपारी घेतला जातो. त्या नमुन्याचा अहवाल निर्दोष येतो, आणि तो खोटाही नसतो. केवळ तो चुकीच्या वेळेचा असतो.

यावर उपाय म्हणून नदीकाठी राहणाऱ्या नागरिकांनी ठरावीक ठिकाणी, ठरावीक दिवशी, पहाटे मोजमाप घ्यावे, असे आम्ही सुचवतो. प्राणवायू व तापमान मोजणारे हातातील उपकरण परिषद देईल आणि ते वापरण्याचे प्रशिक्षणही देईल. तलावांसाठी साधन याहून साधे आहे. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता पाहण्यासाठी वापरलेली तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवायचे, एवढेच हे काम आहे. तलावांसाठीची काळी-पांढरी तबकडी आजही त्याच तत्त्वावर वापरली जाते, आणि इतक्या वर्षांत तिला वीज लागू लागलेली नाही, ही आमच्या दृष्टीने तिची मोठीच गुणवत्ता आहे.

ज्यांना नियमित वेळ देणे शक्य नाही, त्यांनी ऋतूतून एकदा होणाऱ्या जलकीटकांच्या पाहणीत सहभागी व्हावे. रासायनिक चाचणी नमुना घेतल्या क्षणाचे पाणी सांगते. दगडांखाली राहणाऱ्या मेफ्लाय, स्टोनफ्लाय व कॅडिसफ्लाय यांच्या अपरिपक्व अवस्था मात्र पाण्यात अनेक महिने, काही प्रजातींमध्ये वर्षाहूनही अधिक काळ काढतात, आणि बहुतांशी स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाण्यातच टिकतात. त्या जेथे पूर्वी होत्या आणि आता नाहीत, केवळ ट्युबिफेक्ससारखे लाल कृमी उरले आहेत, तेथे मधल्या काळात काहीतरी बिघडले आहे असे समजून आम्ही तपास सुरू करतो.

पर्जन्यनोंदीसाठी स्वयंसेवकांची गरज सर्वांत जास्त आहे. अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स या शहरात जुलै 1997 मध्ये अचानक पूर आला. शहराच्या एका भागात प्रचंड पाऊस झाला होता, तर काही मैलांवर तो फारच थोडा होता. त्या अनुभवातून पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, घरोघरच्या पर्जन्यमापकांचे स्वयंसेवी जाळे तेथे उभे राहिले. पाऊस न पडलेल्या दिवशी शून्याची नोंद करावी, असा त्या जाळ्याचा आग्रह असतो, आणि आमचाही राहील. कोरी जागा आणि शून्य यांत फरक आहे. कोऱ्या जागेवरून पाऊस पडला नाही की निरीक्षक गावाला गेला होता, हे आम्हांला कळत नाही.

ज्यांच्या जमिनीत विहीर किंवा कूपनलिका आहे, त्यांनी पाणीपातळी मोजण्यास व वर्षातून दोनदा नमुना घेण्यास परवानगी द्यावी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे 50 मिलिग्रॅमहून अधिक नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. नायट्रेटला रंग, वास वा चव नसते, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे त्याची तीव्रता थोडी वाढतेच. तान्ह्या बाळांना ते विशेष घातक ठरते. प्रत्येक विहिरीचा अहवाल प्रथम मालकाला दिला जाईल.

हवेच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात, असे आम्हीच सुचवू. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 या सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मार्गदर्शक पातळी घनमीटरमागे 10 मायक्रोग्रॅमवरून 5 वर आणली, त्यामुळे लोकांचे लक्ष या आकड्याकडे गेले आणि घरगुती संवेदकांची मागणी वाढली. हे संवेदक कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वास्तवाहून मोठा दिसतो. म्हणून प्रत्येक संवेदक आधी परिषदेच्या मुख्य केंद्रातील उपकरणाशेजारी काही आठवडे ठेवून ताडून पाहिला जाईल, आणि त्यानंतरच आपल्या गच्चीवर बसवला जाईल.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. नागरिकांच्या नोंदीवरून कोणत्याही कारखान्यावर वा व्यक्तीवर थेट कारवाई होणार नाही. त्यासाठी अधिकृत निरीक्षकाने घेतलेला, मोहोरबंद केलेला आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासलेला नमुनाच लागतो. परंतु निरीक्षकाला कोठे आणि कोणत्या वेळी पाठवायचे, हे आपल्या नोंदींवरून ठरेल. आज ते बरेचसे तक्रारींवरून ठरते, आणि तक्रारी जेथून येतात तेथेच प्रदूषण असते असे नाही.

निधीचा विनियोग रसायने, प्रमाणित द्रावणे, उपकरणांचे बदली भाग, प्रयोगशाळेचे शुल्क आणि स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी केला जाईल. नवीन उपकरणांसाठी देणगीदार मिळतात, त्यांच्या देखभालीसाठी सहसा मिळत नाहीत. म्हणून देखभालीकरिता दिलेल्या देणगीचे विशेष स्वागत आहे. ज्यांना परिषदेने सांडपाणी सोडण्याचा किंवा पाणी उपसण्याचा परवाना दिला आहे, अशा आस्थापनांकडून या कामासाठी देणगी स्वीकारली जाणार नाही.

स्वयंसेवकाने किमान एक वर्ष एकाच ठिकाणाची जबाबदारी घ्यावी, अशी अपेक्षा आहे, कारण ऋतुचक्र पूर्ण झाल्याशिवाय आकड्यांची तुलना करता येत नाही. पूर असताना किंवा काठ निसरडा असताना कोणीही पाण्याजवळ जाऊ नये. त्या दिवशी ‘मोजणी झाली नाही’ असे कारणासह लिहावे. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांनी शिक्षक वा पालकांसोबतच सहभागी व्हावे. इच्छुकांनी आपला परिसर, शक्य असलेले दिवस व वेळ नमूद करून परिषदेच्या पर्यावरण विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. देणगीची अधिकृत पावती त्याच विभागातून घ्यावी.

पर्यावरण समिती,
प्रादेशिक परिषद