पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांस कृतज्ञतेचे पत्र

आदरणीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या बहिणीच्या यकृताच्या बायोप्सीचा अहवाल आपल्या सहीने आला, पण आपली भेट काही झाली नाही. नातेवाइकांना शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठाऊक असतात; सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न्याहाळणारे सहसा नसतात. म्हणून हे जाहीर पत्र.

मुलगी विशीतली, सिऱ्होसिस (यकृत व्रणांनी कठीण होणे) नाही, हिपॅटायटिस बी वा सी नाही, आणि यकृताच्या नेहमीच्या कर्करोगात बहुधा वाढणारे एएफपी हे रक्तातील प्रथिनदेखील मर्यादेत. अशा रुग्णाच्या यकृतात मध्यभागी व्रण असलेली गाठ दिसली की ती फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया ही निरुपद्रवी गाठ असावी असे वाटणे साहजिक आहे, आणि आम्हाला तर तेच ऐकायचे होते. मात्र एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रांत तो व्रण, निरुपद्रवी गाठीत सहसा दिसतो तसा, उजळ न दिसता काळसर दिसला, सीटी स्कॅनमध्ये त्यात कॅल्शियम साचलेले आढळले, म्हणून रेडिओलॉजिस्टनी बायोप्सीचा आग्रह धरला. त्यांचेही आम्ही ऋणी आहोत.

मोठ्या, बहुकोनी, गडद गुलाबी पेशी आणि त्यांच्यामधून थराथरांनी गेलेले तंतूंचे पट्टे पाहून आपण फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा या यकृताच्या दुर्मिळ कर्करोगाची शक्यता नोंदवली. पेशींतील सीके७ आणि सीडी६८ या प्रथिनांच्या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या, तरी आपण तिथे न थांबता डीएनएजेबी१ आणि पीआरकेएसीए या जनुकांचा संयोग, म्हणजे या कर्करोगाची खास खूण, तपासून घेतला. या कर्करोगाचे वर्णन १९५६ सालचे असले, तरी एकोणिसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळून होणारा हा संयोग २०१४ मध्येच उजेडात आला. त्या चाचणीच्या निकालाची वाट पाहणे घरात सर्वांना जड गेले. पण अंदाजावर उपचार सुरू झाले असते तर ते अधिक जड गेले असते.

नेमक्या निदानामुळे पुढचे बरेच काही ठरले. हा कर्करोग लसिका ग्रंथींत पसरण्याची शक्यता मोठी असल्याने शल्यविशारदांनी गाठीबरोबर यकृताच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीही काढल्या, आणि उरलेले यकृत निरोगी असल्यामुळे मोठा भाग काढणे शक्य झाले. पुढील तपासण्यांत एएफपीवर भिस्त न ठेवता ठरावीक अंतराने स्कॅन करायचे, हेही त्यातूनच ठरले.

बहिणीच्या गाठीचे जतन केलेले नमुने संशोधनासाठी वापरण्यास तिने स्वतः लेखी संमती दिली आहे. आपल्याला ते उपयोगी पडणार असतील तर अवश्य वापरावेत.

आपला कृतज्ञ,
रुग्णाचा भाऊ