विषय : सर्व्हर अपग्रेडनंतर खाती न सापडणे व दुबार खाती तयार होणे – तातडीने दुरुस्ती करण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,
स.न.वि.वि.

दांडिया बाजार, वडोदरा येथील आमच्या क्रेडिट सोसायटीच्या सर्व्हरची देखभाल आपल्याकडे आहे. सर्व्हरवरील सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट ३० जून २०२४ रोजी संपला, पोस्टग्रेस १२ या डेटाबेसचा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. अपग्रेड हवेच होते. आमची तक्रार ते ज्या पद्धतीने केले त्याबद्दल आहे.

गेल्या आठवड्यात रावपुऱ्यातल्या एक आजी मुदत ठेवीचे व्याज घ्यायला आल्या. पासबुकावर खाते क्रमांक स्वच्छ लिहिलेला, ४-१२. स्क्रीनवर मात्र ‘असे खाते नाही’. त्या घाबरून खुर्चीवर बसल्या. काउंटरवरच्या मुलीने त्याच क्रमांकाने नवे खाते उघडले आणि सिस्टिमने ते उघडूही दिले! एका क्रमांकाची दोन खाती होऊ नयेत यासाठीच तर तिथे युनिक इंडेक्स, म्हणजे दुबार क्रमांक नाकारणारी क्रमवार सूची, आहे. मूळ खाते टेबलात सुखरूप होते, इंडेक्समधून तेवढे सापडत नव्हते. अशी आणखीही दुबार खाती निघाली आहेत.

आपल्या इंजिनिअरने ‘सर्व्हर व्यवस्थित चालू आहे’ असे लिहून तिकीट बंद केले. कारण शेवटी आम्हीच शोधले. अल्मालिनक्स ९ या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जाताना तिच्यातली जीलिबसी ही मूलभूत लायब्ररी २.१७ वरून २.३४ वर गेली, आणि २.२८ पासून मजकूर क्रमाने लावण्याचे या लायब्ररीचे नियम बदललेले आहेत. जुन्या मशीनवर आधी ११ आणि मग १-१ येत असे, नव्यावर आधी १-१ येते. आमचे सगळे खाते क्रमांक मध्ये आडवी रेघ असलेलेच. डेटाच्या फायली जशाच्या तशा नव्या मशीनवर आणून पीजी-अपग्रेड हे पोस्टग्रेसची आवृत्ती बदलणारे साधन चालवले, त्याबरोबर इंडेक्सही जुन्याच क्रमाने पुढे आले, आणि नव्या क्रमाने शोधताना खाती सापडेनाशी झाली. रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्सची नव्याने बांधणी, कोणी केलेच नाही. आमचा डेटा फार मोठा नाही. डंप, म्हणजे सगळ्या डेटाची निर्यात, घेऊन नव्या मशीनवर रिस्टोअर केला असता तर सगळे इंडेक्स नव्याने बांधले गेले असते.

त्यातून पीजी-अपग्रेडचा लिंक मोड वापरला, ज्यात फायलींची प्रत न काढता जुन्याच फायली नवा सर्व्हरही वापरतो. नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना क्लस्टर, म्हणजे जुना डेटाबेस, सुरक्षितपणे चालू करता येत नाही, म्हणजे परतीची वाटही राहिली नाही. दुसऱ्या मशीनवर आधी रंगीत तालीम केली असती तर हे तिथेच कळले असते. लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी आमच्याकडे आहेत, इतकी काळजी घेणे आपले कर्तव्य होते.

येत्या शनिवारपर्यंत अनुभवी डेटाबेस इंजिनिअर सोसायटीत पाठवावा. आधी पूर्ण बॅकअप घेऊन तो आमच्यासमोर वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून दाखवावा. मग अ‍ॅमचेक या पोस्टग्रेसच्या तपासणी साधनाने सर्व इंडेक्स तपासावेत. दुबार खाती असताना युनिक इंडेक्सचे रीइंडेक्स होणार नाही, आणि कोणती नोंद ठेवायची हे आमच्या हिशेबनिसांनी लेजर पाहून ठरवायचे आहे. आपल्या माणसाने परस्पर एकही ओळ खोडू नये. या कामाचे वेगळे बिल आम्ही स्वीकारणार नाही. दुरुस्तीचा लेखी अहवाल मिळेपर्यंत देखभाल कराराचा पुढचा हप्ता थांबवण्याचा ठराव संचालक मंडळाने केला आहे.

कळावे,
आपला,
मानद चिटणीस